गोठ्याच्या नकाशात अंगण काढा

प्रति,
गोठ्यांच्या योजना आखणारे, नकाशे काढणारे आणि मंजूर करणारे सर्व अधिकारी,
रोजगार हमी योजना आणि पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र राज्य.

विषय : सहा जनावरांमागे अर्धा गुंठा उघडी जागा मिळण्याबाबत.

संदर्भ : नाही. नोकरीभर संदर्भ लावूनच पत्रं लिहिली, हे एक बिनसंदर्भाचं.

महोदय, महोदया,

मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. गावातले लोक डॉक्टर म्हणतात, पण पदवीचा डॉक्टर नव्हे. माणदेशात एकतीस वर्षं मोटारसायकलवरून फिरलो. लसी टोचल्या, रेतनं केली, अडलेल्या गाई सोडवल्या, पंचनामे लिहिले. या सगळ्यात जनावराकडे सर्वांत जास्त वेळ पाहिलं ते गोठ्यात वाकून, कंदिलाच्या नाहीतर मोबाइलच्या उजेडात. आज लिहितोय ते त्या वाकण्याच्या जोरावर.

शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतल्या गोठ्याचा नकाशा तुम्हाला पाठ असेल. 2021 च्या फेब्रुवारीतला शासन निर्णय. दोन ते सहा जनावरांसाठी एक गोठा, लांबी 7.7 मीटर, रुंदी 3.5 मीटर, म्हणजे 26.95 चौरस मीटर. खर्च 77,188 रुपये. गव्हाण, 250 लिटरचं मूत्राचं टाकं, 200 लिटरचं पिण्याच्या पाण्याचं टाकं. चिखलात, शेणात, खड्ड्यात बसणाऱ्या जनावराला पक्की जमीन मिळावी हा हेतू चांगलाच होता. कच्च्या गोठ्यात कासेला जखमा होऊन दगडी (कासेची सूज) झालेल्या गाई मी पाहिल्यात, त्यामुळे पक्क्या जमिनीला नावं ठेवणार नाही.

पण जरा भागाकार करू. 26.95 ला सहाने भागलं की एका जनावराला साडेचार चौरस मीटरही पुरते येत नाहीत. भारतीय मानक ब्युरोच्या शिफारशीप्रमाणे गाईला छपराखाली 3.5 चौरस मीटर लागतात, म्हशीला 4. म्हणजे छपराचा हिशेब तुम्ही चोख जमवलाय. त्याच शिफारशीत पुढं उघड्या जागेचाही आकडा आहे : गाईला 7, म्हशीला 8 चौरस मीटर. तुमच्या नकाशात हा रकानाच नाही. सहा गाईंना 42 चौरस मीटर लागतील, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून कमी. एवढ्या जागेत आमच्याकडे लोक कडब्याची गंज लावतात.

आता त्या 7.7 मीटरच्या लांबीत सहा जनावरं ओळीनं उभी करून बघा. एकेकीला सव्वा मीटर. एवढ्यात ती मोकळी सोडायची म्हटली तर एकमेकींच्या अंगावर जाणार, म्हणून ती बांधावीच लागतात. दावं आलं ते जागेच्या मापातून. शेतकऱ्याच्या आडमुठेपणाचा त्यात काही संबंध नाही. नकाशाच दावणीचा आहे.

आणि पाण्याचं टाकं? ते आहे, भिंतीच्या कडेला. बांधलेली गाय तिथं चालत जाणार कशी? मग माणूस बादली घेऊन सकाळ-संध्याकाळ जातो. उन्हाळ्यात दुभती गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते, पण एका वेळेला नाही, दहा वेळा थोडंथोडं. बादलीच्या दोन फेऱ्यांत ती कधीच पोटभर पीत नाही. मग दूध का घटलं म्हणून मला फोन येतो.

तुमच्यापैकी किती जणांनी गाय उठताना नीट पाहिलीय? घोडा आधी पुढचे पाय रोवतो. गाय उलटी. ती गुडघ्यांवर येते, डोकं जोरात पुढं फेकते, त्या झोक्यावर मागचा भाग आधी उचलते आणि मग पुढचे पाय सरळ करते. या झोक्याला तिच्यासमोर हात-दीड हात मोकळी जागा लागते. समोर गव्हाणीची भिंत आणि गळ्यात आखूड दावं असलं की झोका बसत नाही. मग ती दोनदा प्रयत्न करते आणि परत बसते. काही गाई कुत्र्यासारख्या ढुंगणावर बसून उठायला शिकतात. काही बसायचंच टाळतात. गाय दिवसातले दहा-बारा तास बसते, बसून रवंथ करते. ती जर उठण्याच्या भीतीनं तासन्‌तास उभी राहत असेल, तर तिच्या खुरांचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. गुडघ्यावर नारळाएवढी गाठ आलेली म्हैस दाखवून मालक विचारायचे, "डॉक्टर, ह्याला काय इंजेक्शन?" त्याला इंजेक्शन नसतं. दाव्याला अजून हातभर दोर जोडा, एवढंच सांगायचो.

कायद्याचंही बोलू, कारण तुम्हाला कायदा लागतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आपल्याकडे आहे. त्याच्या 11 व्या कलमात, जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं वा दोरानं अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा म्हटलाय. या कलमाखाली उद्या खटले भरायचे ठरले तर अर्धा तालुका कोर्टात उभा राहील, त्यात माझे सख्खे भाऊही असतील. मला ते नकोय. पण एका हातानं हे कलम आणि दुसऱ्या हातानं दावणीच्या गोठ्याला अनुदान, हे एकाच सरकारचे हात आहेत एवढं लक्षात आणून देतोय.

परदेशात हा वाद मांसाच्या गुरांवरून चालतो. अमेरिकेत वासरं कुरणावर वाढवतात आणि शेवटचे काही महिने आवारात कोंडून धान्यावर पोसतात. आयर्लंडमध्ये, ब्रिटनमध्ये थंडीपावसाचे महिने गुरं शेडमध्ये असतात, फटींच्या काँक्रीटवर की पेंढ्यावर यावरून भांडणं. प्राणिकल्याणाच्या ज्या पाच स्वातंत्र्यांचा सगळीकडे उल्लेख होतो, त्यांचं मूळही ब्रिटनमधल्या 1965 च्या ब्रँबेल समितीत आहे. त्या समितीनं फार साधी मागणी केली होती : जनावराला उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग चाटता यावं आणि हातपाय ताणता यावेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही 2014 साली बैलांच्या खटल्यात या स्वातंत्र्यांचा आधार घेतला. शर्यतीच्या बैलासाठी एवढा मोठा निकाल लागला. आता ब्रँबेलची यादी घेऊन तुमच्या 7.7 गुणिले 3.5 मध्ये उभे राहा. वळता यावं, इथंच अडेल.

आपल्याकडे मांसाचं जनावर म्हटलं की लोक इकडंतिकडं बघायला लागतात. 2015 पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्या वादात मी पडत नाही. म्हैसवर्ग त्या बंदीत नाही, आणि भारतातून जे मांस परदेशी जातं ते मुख्यतः म्हशीरेड्यांचं. म्हणजे आपलं मांसाचं जनावर कोण, तर रेडकू, म्हशीचं नर पिल्लू. वगार (मादी) झाली तर घरात पेढे, रेडकू झालं तर कुणी विचारत नाही. पान्हा सुटायला दोन मिनिटं आईजवळ न्यायचं, लगेच ओढून खुंट्याला बांधायचं. तो खुंटाही गोठ्यातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथं मूत साचतं. त्या कोपऱ्यात रेडकाच्या उंचीला बसून बघा, अमोनियानं डोळे चुरचुरतात. आपण उभे असतो म्हणून आपल्याला तो वास थोडाच लागतो. पोटात जंत, अंगावर गोचीड, दोनतीन महिन्यांत ते मरतं आणि मेल्याची नोंदही होत नाही. केंद्र सरकारनं अकराव्या पंचवार्षिक योजनेत रेडकं वाचवून वाढवायची योजना काढली होती, त्यामागचा हिशेब मांसाचाच होता. मला त्यात वावगं वाटलं नाही. पुढं कापायचंय म्हणून आज उपाशी आणि अंधारात ठेवावं असं कुठल्या शास्त्रात नाही, आणि कुठल्या धर्मातही नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, हा म्हातारा आता गुरं रानात सोडा म्हणणार. नाही म्हणणार. रानात काय होतं तेही मी पाहिलंय.

एका वर्षी वळवाचा पाऊस झाला आणि ज्वारीच्या खोडव्याला कोवळे फुटवे आले. एका वस्तीवरची चार जनावरं त्यात शिरली. मी पोचलो तेव्हा दोन आडवी होती, तोंडाला फेस, श्वास धापेचा. किराळ लागली होती, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष भिनलं होतं. सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलं, एक वाचली. (जुने फोटोग्राफर यालाच हायपो म्हणायचे. औषध संपलं तर स्टुडिओतून आणायचं, असं मला माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.) कोकणात आणि घाटावर घाणेरी खाऊन कातडी सोलवटलेली गुरं वेगळीच. डबक्याकाठच्या गवतातून पत्तीकृमी येतात, चरणाऱ्या जनावराच्या पोटात जंत जास्त असतात. शहराजवळच्या गायरानात तर गवतापेक्षा पिशव्या जास्त. आणि उन्हाळ्यात माणदेशातलं माळरान म्हणजे दगड. आठ किलोमीटर चालून जनावर जेवढं खाईल त्याहून जास्त चालण्यात घालवील. कुरणाचं जे चित्र शहरातल्या माणसाच्या डोक्यात असतं, ते आमच्याकडे फार तर आषाढ ते कार्तिक एवढंच खरं असतं. तेव्हा पवन्या, मारवेल उभं राहतं, कुसळी फुलायच्या आत जनावर तिला तोंड लावतं, आणि खिलाराच्या अंगावर अशी चकाकी येते की पेंडीच्या कुठल्याच पोत्यानं यायची नाही.

शिवाय गायरान राहिलंय कुठं? 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, राज्यानंही त्यावर शासन निर्णय काढला. गावोगाव जाऊन बघा. दांडग्यांचं अतिक्रमण जागच्या जागी आहे, आणि सौर पॅनलना जागा हवी म्हटलं की पहिली नजर गायरानावरच. तिथं भूमिहीनांनी पोटापुरतं कसलंय, त्यातल्या 1990 पर्यंतच्या काहींना सरकारनंच नियमित केलंय. त्यांच्या अंगावर माझी गाय सोडायची मला इच्छा नाही. जमीन महसूल संहितेच्या 22 व्या कलमाप्रमाणे जे मोफत चराईला राखून ठेवलंय, निदान त्याला तरी आणखी कात्री लावू नका. गायरानाबद्दल माझी मागणी एवढीच. ते भांडण तुमच्या टेबलावर संपणारं नाही हे मला कळतं.

म्हणून अंगण मागतोय.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका बाईंनी हे करून दाखवलं, मी सांगितलं म्हणून नव्हे. घरातला कर्ता माणूस गेला, पाच संकरित गाई, दोन लहान मुलं. बादल्या वाहून, शेण काढून, वैरण टाकून बाईंची कंबर गेली. त्यांनी कुठंतरी मुक्त गोठा बघितला आणि गोठ्यापुढच्या पडीक तुकड्याला जुनी जाळी मारली. खांब म्हणून द्राक्षबागेतले टाकून दिलेले अँगल. मध्ये एक कडुलिंब होताच. मला बोलावलं ते भीतीपोटी. "डॉक्टर, दावी काढली तर मारामाऱ्या करतील हो. गाभण आहेत दोन."

मी म्हटलं, करतील, चार दिवस. शिंगं असलेल्यांवर नजर ठेवा.

सकाळी दावी सोडली. काय झालं सांगू? काहीच नाही. पाचही गाई आपापल्या खुंट्यापाशी उभ्या. दोर गळ्यात नव्हता, पण जागेवरून हलेनात. अर्धा तास आम्ही दोघं चहा पीत बघत बसलो. मग एक जर्सी होती, तिनं मान लांब करून कडुलिंबाकडं बघितलं, एक पाऊल टाकलं, थांबली, दावं ओढलं जाईल याची वाट बघितल्यासारखी. ओढलं गेलं नाही. ती लिंबापाशी गेली आणि बुंध्याला मान घासायला लागली. घासतच राहिली. दाव्यानं मानेवर जिथं घट्टा पडला होता, नेमकी तीच जागा. दुपारपर्यंत बाकीच्या चौघीही बाहेर आल्या होत्या. ढुशा झाल्या, एकीच्या बरगडीवर ओरखडा आला, तिसऱ्या दिवशी पहिली कोण आणि शेवटची कोण हे त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं.

दूध दुप्पट झालं वगैरे मी सांगणार नाही, तसं झालं नाही. पण बाईंचं पाणी वाहणं बंद झालं, कारण गाई टाक्यापर्यंत चालत जात होत्या. शेण रोज काढायचं ते आठवड्यावर गेलं. खुरं चालून झिजायला लागली, एरवी दावणीच्या गाईची चपलेसारखी वाढतात. 2013 ला आणि परत 2019 ला चारा छावण्यांत हीच चपलेसारखी खुरं मी ओळीनं पाहिली होती. छावणीनं जनावरं जगवली हे खरं, पण महिनोन्‌महिने एका खुंट्यावर राहून ती घरी परतताना लंगडत गेली.

आणि मुख्य म्हणजे माज, म्हणजे गाय फळवायची वेळ, कळायला लागला. गाय बारा-अठरा तास माजावर असते, बऱ्याचदा रात्री. दावणीला असली तर फार तर हंबरते. मोकळी असली की दुसरीवर चढते, दुसरी तिच्यावर चढते, आंधळ्यालाही कळावं असं. म्हशीचा मुका माज तर दावणीला हमखास चुकतो. एक माज चुकला की एकवीस दिवस गेले, आणि एकवीस दिवसांची वैरण-पेंड फुकट. शेतकऱ्याला जनावराच्या सुखाचं पटवताना मी हेच पुढं करायचो. पोटाला चिमटा बसला की सुखाचं लवकर पटतं.

तर माझं म्हणणं कागदावर उतरवायचं असं आहे. गोठ्याच्या मापाला हात लावू नका. त्याच मंजुरीत गोठ्याला लागून दर गाईमागे 7 आणि म्हशीमागे 8 चौरस मीटर कुंपण घातलेली उघडी जागा सक्तीची करा. तिथं एक झाड, नसेल तर लावायचं. आणि पाण्याचं टाकं भिंतीजवळून काढून त्या अंगणात. काळ्या रानात पावसाळ्यात चिखल होणार हे उघड आहे, म्हणून तळाला उतार देऊन मुरूम टाकायचा. मुरूम पसरणं, चर काढणं, खांबाचे खड्डे घेणं ही तर शुद्ध मजुरीची कामं. रोजगार हमीत मजुरी 60 आणि सामान 40 हे प्रमाण सांभाळताना सिमेंटच्या गोठ्यामुळं तुमचीच ओढाताण होते, अंगणानं ते प्रमाण सुधारेल. ज्याच्याकडे अर्धा गुंठाही नाही त्याच्यासाठी सवलत ठेवा, पण दोन एकरवाल्याला ती पळवाट मिळू देऊ नका. आणि मंजुरीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा : रेडकू, गोऱ्हा कुठं ठेवणार? उत्तर काहीही येऊ दे. निदान प्रश्न तरी कागदावर येईल.

एका तालुक्याच्या कार्यालयात मी हे बोलून पाहिलं होतं. साहेब सज्जन होते, चहा दिला. म्हणाले, "पण अंगणाचा फोटो काय काढणार? गोठा झाला की बोर्डासकट फोटो लागतो." बोर्ड अंगणाच्या जाळीवर लावता येईल, असं मी म्हणालो. ते हसले. विषय तिथंच राहिला.

फोटोसाठी माझा पत्ता विभागाकडे पेन्शनच्या फायलीत आहेच. त्या बाईंचा गोठा अजून आहे, मोठ्या मुलानं आता आठ गाई केल्यात. येताना मोजपट्टी आणा, एका बाजूनं मी धरीन.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
माणदेश.

ता. क. : अंगणात चार गावरान कोंबड्या सोडायला सांगा. शेण उकरून अळ्या खातात आणि बसलेल्या गाईच्या अंगावरचे गोचीड वेचतात. गाय डोळे मिटून बसून राहते.